सकाळी साडेदहा ते दुपारी चार: दक्षिण पुण्यातल्या तीन बागांच्या आराखड्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार

काम ठरलं. सहकारनगर-पर्वतीच्या बाजूच्या तीन जागा आहेत: आंबील ओढ्याकाठची बाग, सोसायट्यांच्या मधोमध अडकलेली एक छोटी बाग आणि एक मैदान. मैदानावर सकाळी क्रिकेट, संध्याकाळी क्रिकेट आणि लग्नसराईत मांडव. रहिवाशांच्या मंचाने आराखडा करून घ्यायचा, आम्ही नकाशे आणि एस्टिमेट द्यायचं, मग ते सगळं वॉर्डाकडे जाणार.

पहिल्याच बैठकीत मागण्यांची यादी हातात पडली. कारंजं, सेल्फी पॉइंट, आणखी एक ओपन जिम, प्रवेशद्वारावर कमान, रंगीत दिवे. पिण्याच्या पाण्याचा नळ यादीत नाही, स्वच्छतागृह नाही. लोकांना ते नको आहे असं नव्हे. ‘सुधारणा’ म्हटलं की उद्घाटन करता येईल अशाच गोष्टी सुचतात, आणि नळाची फीत कोण कापणार?

तेव्हा प्रश्नावलीतून ‘तुम्हाला बागेत काय हवं’ हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी दोन प्रश्न घातले. तुम्ही किती वाजता येता? आणि उठून का जाता?

२० जानेवारी, शनिवार

ओढ्याकाठच्या बागेत पहाटेपासून बसलो. सहाला गेट उघडलं तेव्हा बाहेर रांगच होती. आधी चालणारे, मग योगासनवाले, मग हास्यक्लब, मग देवपूजेला फुलं तोडणारे आजोबा (पाटी बरोबर डोक्यावर आहे, तरीही). साडेनऊपर्यंत गर्दी ओसरली. साडेदहाला शिट्टी झाली आणि गेट बंद. पुन्हा उघडणार चारला.

खरी नोंद करण्यासारखं त्यानंतर दिसलं. बागेच्या भिंतीला लागून फुटपाथवर माणसं येऊन बसली. एका घरचं काम संपलं आणि दुसरीकडचं दोन वाजता, अशा घरकाम करणाऱ्या मावश्या. डबा खाणारे रिक्षावाले. पार्सल पोचवणारी मुलं, गाडीवर आडवी होऊन मोबाइल बघत. बारावीच्या दोघी, अभ्यासिकेत जागा मिळाली नाही म्हणून. आत पर्जन्यवृक्षाची एवढी मोठी सावली, बाकडी रिकामी, आणि ही सगळी मंडळी भिंतीच्या वीतभर सावलीत.

रखवालदार काकांना विचारलं, दुपारी बंद का? ते म्हणाले, “जोडपी येऊन बसतात, पत्ते खेळतात, पिणारे येतात.” थोड्या वेळाने म्हणाले, “आणि मी जेवू कधी, मॅडम?” दुसरं उत्तर जास्त खरं वाटलं. माणसं दोन पाळ्यांत आहेत, सकाळची आणि संध्याकाळची. मधल्या वेळेला माणूसच नाही. झाडांना पाणी घालणं, झाडलोट, कापणी हेही त्याच वेळात उरकतात.

आराखड्याच्या वहीत आज पहिल्या पानावर फक्त वेळ लिहिली: साडेदहा ते चार.

२७ जानेवारी, शनिवार

एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराचं. कामाचा भाग म्हणून गेले असं म्हणायला हरकत नाही. लोक डेलियाचे फोटो काढत होते, मी वर बघत होते. पश्चिम भारत कृषी-उद्यान संस्थेने सांभाळलेली ही साधारण ३९ एकरांची जागा. आतल्या जुन्या झाडांखाली भर दुपारीही डोळे मिटतात. त्या सावलीला एस्टिमेटमध्ये दर लावता येत नाही, म्हणून ती कोणत्याच एस्टिमेटमध्ये नसते.

१० फेब्रुवारी, शनिवार

झाडांची मोजदाद. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनी मदतीला आल्या, त्यामुळे काम भराभर झालं.

ओढ्याकाठी पर्जन्यवृक्ष, करंज, उंबर, काही गुलमोहर. छोट्या बागेत रॉयल पामची शिस्तबद्ध रांग. सावली शून्य, पण झावळी पडली की खालची बाकडी रिकामी करावी लागतात. एका कडेला सप्तपर्णी. शेजारच्या इमारतीतून तक्रार आलीच: दिवाळीच्या आसपास फुलली की वासाने डोकं धरतं. ती तोडा अशी मागणी आहे. तोडणार नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय हातही लावता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसावृक्ष ठरतं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आहे ती सावली पाडून नवी सावली लावण्यात वीस वर्षं जातात.

सगळ्यात वाईट अवस्था बुंध्यांची. पेव्हर ब्लॉक थेट खोडापर्यंत आलेत. दोन करंजांना तर सिमेंटची गच्च कॉलर बसली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आम्ही तेच माप इथे धरतो आहोत, मोठ्या झाडांना त्याहून जास्त. उखडलेले ब्लॉक फेकायचे नाहीत, मैदानाच्या कडेच्या चालण्याच्या पट्ट्याला वापरू.

नवीन लागवडीची यादी: बहावा, ताम्हण, कडुलिंब, वावळ, पांगारा, एखादा मोह. ग्लिरिसिडिया (परदेशी झाड) नाही. पुण्याच्या टेकड्यांवर तो पूर्वी लावून ठेवला आहे, त्याच्या हिरव्या रंगावर अजून कोणी फसत असेल तर पावसाळ्यात त्याच्याखाली जाऊन काय उगवतं ते बघावं. आणि पाम तर नाहीच नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

बायकांची स्वतंत्र बैठक. मंचातल्या काही काकांचं म्हणणं होतं, “वेगळी कशाला? सगळ्यांसमोर बोलू देत की.” बोलल्या नसत्या. मागच्या बैठकीत बोलल्या नव्हत्याच.

स्वच्छतागृहाला कुलूप असतं, किल्ली रखवालदाराकडे. किल्ली मागायची म्हणजे चारचौघांत जाहीर करायचं. त्यापेक्षा घरी जातो, असं निम्म्याहून जास्त जणींनी सांगितलं. ‘उठून का जाता’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हेच. मधुमेह असलेल्या एक आजी म्हणाल्या, “मी दोन फेऱ्यांच्या वर जात नाही. घर लांब पडतं.” ज्येष्ठांसाठी आपण कट्टे बांधतो, नाना-नानी पार्क अशी पाटी लावतो, आणि स्वच्छतागृहाला कुलूप घालतो.

दुसरी गोष्ट मुलींची. झोके-घसरगुंडी लहानांना, मैदान मुलग्यांना, जिम पुरुषांना, कट्टा आजोबांना. बारा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी या तिन्ही जागांत काहीही नाही. त्या चालतात, कारण चालणाऱ्या मुलीला कोणी ‘इथे काय करतेस’ असं विचारत नाही. व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात असंच लक्षात आलं होतं की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांतून दिसेनाशा होतात. तिथे आइन्झीडलरपार्कसारख्या बागा मग त्या नजरेने बदलल्या. एकच मोठं मैदान न ठेवता जागेचे भाग पाडले, बसायच्या जागा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला वाव दिला. आमच्या छोट्या बागेतल्या पामच्या रांगेमागे समोरासमोर बसता येईल असे दोन कट्टे आणि एक बॅडमिंटनचं कोर्ट बसतं. जाळी कायमची, म्हणजे ‘जाळी कोण आणणार’ हा प्रश्न नको.

एका मुलीने विचारलं, “झोक्यावर आम्ही बसलो तर काका ओरडतात. मोठ्यांचा झोका नसतो का?” असतो. दोन लिहिले.

५ मार्च, मंगळवार

गेटचा दिवस. दुचाकी आणि गाई आत येऊ नयेत म्हणून लोखंडी पाइपांचं नागमोडी फाटक केलं आहे. दुचाकी तरीही कडेने येते. येत नाही ती व्हीलचेअर. बाबागाडीही उचलून न्यावी लागते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, आज २०२४. रुंद रस्ता आणि १:१२ उताराचा रॅम्प एवढं जरी नीट केलं तरी पुष्कळ. एका बागेत रॅम्प आहे, पण त्याच्या तोंडाशी पावसाळी गटाराची जाळी, तीही चाकाच्या दिशेने. जाळी आडवी फिरवायची, खर्च जवळजवळ नाही.

खेळण्यांखाली काय घालायचं यावर वाद. मंचाला रबरी फरशा हव्यात, रंगीत असतात म्हणून. रबर चांगलं, पण उन्हात तापतं आणि कडा उचकटल्या की बदलायला कोणी येत नाही. मी वाळूच्या बाजूने: फूटभर खोल, कडेला दगडी पाळ, महिन्यातून एकदा खालवर करायची. विरोधी मुद्दा एकच, मांजरं. तो खरा आहे. रात्री झाकायला शेडनेट धरलं आहे. ते रोज कोण पसरणार हे माळी मामांनी लगेच विचारलं, आणि त्यावर आत्ता तरी उत्तर नाही.

१८ मार्च, सोमवार

शनिवारी लोकसभेची आचारसंहिता लागली. नवी टेंडरं, वर्क ऑर्डरी सगळं थांबलं. वॉर्डातले अभियंते निवडणुकीच्या कामाला. मंचात जरा निराशा आहे, मला मात्र बरं वाटलं. उन्हाळ्याचं निरीक्षण आता घाई न करता होईल.

२१ एप्रिल, रविवार

दुपारी तीनला रखवालदार काकांच्या परवानगीने आत. सावलीचा नकाशा करतो आहोत, दर तासाला खडूने कडा आखून.

स्टीलच्या घसरगुंडीला हात लावला आणि मागे घेतला. चारला गेट उघडल्यावरही मुलं तिच्याकडे फिरकत नाहीत, साडेपाचनंतर जातात. खेळणी बागेच्या मोकळ्या पश्चिम कोपऱ्यात आहेत, म्हणजे संध्याकाळचं सगळं ऊन त्यांच्यावर. पर्जन्यवृक्षाची चारनंतरची सावली पूर्वेला पडते, तिथे सध्या हिरवळ आहे. त्या हिरवळीवर चालू नये अशी पाटी आहे. उन्हाळ्यात तिला रोज पाणी लागतं आणि ते टँकरने येतं. म्हणजे सावली गवताला, ऊन मुलांना.

बदल सरळ आहे. खेळणी पूर्वेला न्यायची, पण मुळांच्या पट्ट्याबाहेर. पश्चिमेला झाडं लावायची. हिरवळीचा मोठा भाग काढून टाकायचा, उरलेली चालण्या-बसण्यासाठी मोकळी करायची. पाण्यासाठी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी आणि बागेतल्याच पालापाचोळ्याचं आच्छादन. पाचोळा सध्या पोत्यात भरून बाहेर जातो आणि खत पोत्यात भरून आत येतं.

१४ मे, मंगळवार

काल पुण्यात मतदान झालं. योगायोगाने शून्य सावलीचा दिवसही कालच होता. साडेबाराच्या सुमारास खांबाची सावली खांबाखालीच. मतदान करून आलेल्या बऱ्याच जणांना फुटपाथवर थांबवून ते दाखवलं. ‘मग आता सावली कुठे?’ असं एका मावशींनी विचारलं. मी बंद गेटाच्या आत बोट दाखवलं. हा प्रचार मानला जाऊ नये.

आज पैशांची बैठक. सगळ्या आराखड्याचं दुखणं इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंदाजपत्रकात बांधकामाला एक शीर्ष (म्हणजे खर्चाचं खातं), देखभालीला दुसरं. बांधकामाच्या शीर्षातून कमान होते, जिम होते, पेव्हर होतात. माळी, रखवालदार, सफाईचं माणूस, तुटलेल्या झोक्याची साखळी हे सगळं देखभालीत. पहिलं वाढवून मागणं सोपं, कारण ते दिसतं. दुसरं दरवर्षी नव्याने मागावं लागतं. त्यामुळे साखळी तुटली की झोका दुरुस्त होत नाही, दोन-तीन वर्षांनी अख्खा खेळण्यांचा संच नवा येतो. ओढ्याकाठच्या ओपन जिमची निम्मी यंत्रं बेअरिंग गेल्यामुळे बंद आहेत, आणि तरीही यादीत नवी जिम होती.

पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. ही चांगली सोय आहे, आम्हीही वापरणार. पण तिथेही सुचवलं जातं ते बाकडं, दिवा, पेव्हर. ‘दुपारी एक माणूस द्या’ हे सुचवायला त्या अर्जात रकाना कुठला?

म्हणून एस्टिमेटला दोन रकाने केले. डावीकडे एकदाचा खर्च, उजवीकडे त्याच वस्तूचा दरवर्षीचा. कारंज्याची उजवी बाजू (वीज, पंप, शेवाळ काढणं) बघून मंचाने ते स्वतःच खोडलं. कोणी वाद घातला नाही. लेझरच्या दिव्यांचंही तेच. कमान मात्र राहिली, तिला उजवीकडे काहीच खर्च नाही! हरलेच मी तिथे, फक्त ती रुंद करून घेतली.

१० जून, सोमवार

शनिवारच्या पावसाने पुण्याचे रस्ते तुंबले. आम्हाला फुकटचं सर्वेक्षण मिळालं. बागेत पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, सगळं चिखलाने लिहून ठेवलेलं.

ओढ्याच्या बाजूला बागेची पक्की भिंत आहे. मंचाची मागणी ती उंच करा. इथे मी ठाम राहणार आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा फुगला तेव्हा अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली, हे या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पाण्यासमोर भिंत उभी केली की पाणी तिच्यामागे साठतं, आणि ती पडली की एकदम येतं. भिंतीऐवजी जाळी, पाणी आरपार जाऊ द्यायचं. काढलेल्या हिरवळीची जागा आजूबाजूपेक्षा दीड-दोन फूट खोल करायची, दगडी उतरती पायरी द्यायची. आठ महिने तो बसायचा खड्डा, मुलांना नाटकं करायला, भजनी मंडळाला. पावसाळ्यात तिथे पाणी थांबेल आणि मुरेल.

“बाग बुडवायची?” असं एका काकांनी विचारलं. हो. बाग बुडाली तर चिखल काढता येतो.

या भागातल्या लोकांना पाणी आणि बाग यांचं नातं नवीन नाही, खरं तर. पर्वतीच्या पायथ्याची सारसबाग म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं तळं. मधलं बेट आणि त्यावरचा तळ्यातला गणपती राहिला, तळं बुजवून बाग झाली. शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी धावते, तिच्यात बसून मोठी झालेली निम्मी मंडळी आमच्या बैठकीत होती. पाण्याची जागा आपण बागेला दिली, आता बागेने थोडी परत द्यावी, एवढंच मी म्हटलं. पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न थेट डासांचा आला. पाणी मुरमातून दोन दिवसांत उतरलं पाहिजे, नाही उतरलं तर तळाशी पाइप. नकाशात दोन्ही दाखवलं.

८ जुलै, सोमवार

बंगळुरूत महापालिकेच्या बागा पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघड्या ठेवायचं ठरलं. बातमीची प्रत सगळ्यांनी मला पाठवली, काहींनी दोनदा. ती घेऊनच वॉर्डातल्या साहेबांकडे गेलो.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. अडचणी विचारल्या त्या रास्त होत्या. काही झालं तर जबाबदार कोण? पाळी कशी लावायची? झाडांना पाणी कधी? आम्ही कागद पुढे केला. तीन महिने, फक्त ओढ्याकाठची बाग. पाणी पहाटे. रखवालदाराच्या दोन पाळ्या एकमेकींवर तासभर चढवून जेवणाची सुटी सोडवायची. स्वच्छतागृह उघडं आणि सफाई दुपारी एकदा जास्त. मंचातले दोन निवृत्त काका पाळीने हजर राहणार, पण शिट्टी त्यांच्या हातात द्यायची नाही, ही माझी अट. (त्यातले एक काका जोडप्यांविषयी जे बोलतात ते मी बैठकीत ऐकलं आहे.)

साहेब म्हणाले, “बघू. लेखी द्या.” लेखी सोबतच नेलं होतं.

२६ जुलै, शुक्रवार

काल शहराचे हाल झाले. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, बोटीने माणसं काढली. आराखड्याचं काम बाजूला, मंचातली मुलं तिकडे पांघरुणं आणि डबे घेऊन गेली.

आज संध्याकाळी बागेत फेरी मारली. ओढ्याचं पाणी भिंतीच्या जुन्या भेगेतून आत आलं होतं. हिरवळीवर गाळ, खेळण्यांपाशी प्लास्टिकचा ढीग. पाणी नेमकं कुठवर चढलं त्याच्या खुणा भिंतीवर रंगाने करून ठेवल्या. जाळीची उंची आणि दिव्यांच्या खोक्यांची जागा आता अंदाजाने ठरवावी लागणार नाही. विजेची पेटी सध्या त्या रेषेच्या खाली आहे. हे आजच, आराखड्याची वाट न बघता, कळवलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

बाग दुपारी उघडी राहू लागून आठवडा झाला. तोंडी परवानगी आहे, लेखी यायची आहे.

पहिले दोन दिवस कोणी आलंच नाही. गेट उघडं असूनही मावश्या भिंतीपाशीच बसल्या, आत जायचं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग रखवालदार काकांनीच हाक मारली, “आत बसा की, मावशी.” आता पर्जन्यवृक्षाखालची बाकडी दुपारी एकनंतर भरलेली असतात. बारावीच्या मुलींनी कट्ट्याचा एक कोपरा धरला आहे, त्यांना वीज हवी, चार्जिंगसाठी. जोडपी आली, बसली, गेली. पत्तेवालेही आले. त्यांच्यावरून एकदा आवाज चढला, पैसे लावायचे नाहीत यावर मिटलं. स्वच्छतागृहाचं पाणी तीन वाजेपर्यंत संपतं, टाकी वाढवायला हवी. ते एस्टिमेटात नव्हतं, घातलं.

आराखडा आज दिला. आवक क्रमांक मिळाला. दोन्ही रकान्यांसह एस्टिमेट, सावलीचे नकाशे, पुराची रेषा, झाडांची यादी. कामाचा क्रम असा सुचवला आहे: आधी स्वच्छतागृह, टाकी आणि गेट, मग बुंधे मोकळे करणं, मग भिंतीच्या जागी जाळी आणि खोलगट हिरवळ, पुढच्या पावसाआधी. खेळणी हलवणं त्यानंतर. कमान सगळ्यात शेवटी.

बाकी राहिलेलं: दुपारच्या रखवालदाराचं शीर्ष. सध्या माणूस मैदानाच्या पाळीतून काढून इकडे दिला आहे, त्यामुळे मैदानावर दुपारी कोणी नाही. विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी हे मार्गी लावायचं. सोमवारी साहेबांची वेळ घेतली आहे, साडेअकराची.